कड्यावरची रानशेळी



शेळी म्हणजे काय, हे सांगोल्याच्या माणसाला मी सांगायला नको. दुष्काळ पडला की शेळी बाभळीच्या शेंगा खाते, बोरीचा पाला खाते आणि तग धरते. म्हणून तर ती गरिबाची गाय. आज तिच्यासारख्याच एका रानटी जनावराची माहिती सांगतो.

हे जनावर महाराष्ट्रात नाही. पण डोंगर आपलाच आहे. सह्याद्री तापीच्या दक्षिणेला सुरू होतो, तो थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. आपल्याकडे त्याचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. खाली केरळात आनमुडी शिखर आहे, ते २६९५ मीटर. त्या बाजूला आणि तमिळनाडूच्या निलगिरी डोंगरात ही रानशेळी राहते. तिला निलगिरी ताहर म्हणतात. तमिळ लोक 'वरैयाडू' म्हणतात. वरै म्हणजे कडा, आडू म्हणजे शेळी. नावातच तिचा पत्ता आला. पिकात शिरते ती नीलगाय, ती वेगळी बरं का!

आपल्या नान्नजच्या माळावर काळवीट आहेत. लांडगा दिसला की काळवीट पळत सुटतो. त्याचे पाय लांब, माळ मोकळा. रानशेळीच्या मागे वाघ, बिबट्या, रानकुत्री लागतात. ती लांब पळत नाही. ती कडा गाठते. जिथे माणसाला उभे राहता येत नाही, तिथे ती चार पाय टेकून निवांत उभी राहते. रात्रीही कड्याच्या कपारीतच बसते.

हे तिला जमते कसे? घरी गेल्यावर आपल्या शेळीचा खूर उचलून बघा. खुराचे दोन भाग असतात. कडेची पट्टी नखासारखी कडक, आतला तळ त्यापेक्षा मऊ. रानशेळीच्या खुराची घडण अशीच, पण डोंगराला साजेशी. कडक कड खडकाच्या खाचेत रुतते. मऊ तळ खडकाला धरून बसतो. गुळगुळीत फरशीवर नाल मारलेला बैल घसरतो, पण टायरच्या वहाणा घातलेला माणूस घसरत नाही. तसेच हे. शिवाय खुराचे दोन भाग फाकतात, त्यामुळे पकड वाढते.

तिचे अंग ठेंगणे आणि भरदार. पाय आखूड पण दणकट. बुटका डेरा सहसा कलंडत नाही, उंच घागर कलंडते. नराचे वजन शंभर किलोपर्यंत जाते. मादी त्याच्या निम्म्याने. थोराड नराच्या पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा असतो. डोळ्यांतली बाहुली आपल्या शेळीसारखीच आडवी. त्यामुळे चरता चरता दोन्ही बाजूंचे दिसते.

एक गंमत सांगतो. धनगर बांधवांना ती आवडेल. शास्त्रज्ञांनी या जनावराच्या वंशाची तपासणी केली. २००५ साली असे दिसून आले, की दिसायला ती शेळी असली तरी तिचे जवळचे नाते मेंढीशी आहे!

पण नुसत्या कड्यावर पोट भरत नाही. खडकावर गवत किती उगवणार? तिला वर पठारावर गवत हवे आणि पळायला शेजारीच कडा हवा. दोन्हींतले एक गेले की ती गेली. तिथे नेमके गवतच गेले. इंग्रजांच्या काळापासून पठारांवर चहाचे मळे झाले. निलगिरीची आणि बाभळीच्या जातीची परदेशी झाडे लावली गेली. वर शिकारीही झाल्या. आपली उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी देते. रानशेळीला बहुधा एकच पिल्लू होते. म्हणून कळप एकदा घटला की भरून यायला वर्षे लागतात.

मग १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. शिकारीला बंदी आली. केरळात मुन्नारजवळ एरविकुलम नावाची जागा आहे. तिथे आधी चहामळेवाले साहेब शिकार करीत. १९७५ साली ते अभयारण्य झाले आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. डोंगराची वाट न् वाट ठाऊक असलेले मुदुवान आदिवासी तिथे राखणीचे काम करतात. पिल्ले होण्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चात, हे उद्यान पाहुण्यांना बंद असते. तमिळनाडूने तर या जनावराला राज्यप्राणी मानले आहे.

२०२५ साली दोन्ही राज्यांनी मिळून मोजणी केली. केरळात १३६५ आणि तमिळनाडूत १३०३ भरली. एकूण २६६८. या दोन राज्यांबाहेर जगातल्या कुठल्याही रानात ही रानशेळी नाही.