दोन दिवसांची मुंबई आणि सहा भुका
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वसंत व्याख्यानमाला ही न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली परंपरा. अशा व्यासपीठावर हॉटेलांविषयी बोलावं का, हा प्रश्न मला पडला होता. पण इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरं परीक्षा संपल्या की दोन दिवस मुंबईला जातात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण तारकपूर स्टँडवरून रात्रीची गाडी पकडून पहाटे मुंबईत उतरणारा माणूस तोच आहे. त्याने उतरायचं कुठे हे महिनाभर आधी ठरवलेलं असतं. जेवायचं कुठे, हे मात्र भूक लागल्यावर, फुटपाथवर, पोरं रडायला लागल्यावर ठरतं. म्हणून हा विषय मी घेतला.

वीस वर्षांपूर्वी मी स्वतः हे केलेलं आहे, आणि उलट टोकाने केलेलं आहे. आई, वडील, पत्नी आणि दोन मुलं अशी आमची सहा जणांची स्वारी होती. मी अकरा हॉटेलांची यादी केली होती. मित्रांकडून, वर्तमानपत्रातल्या कात्रणांवरून, ऐकीव माहितीवरून. पहिल्या दिवशी त्यातली दोनच झाली. उरलेला दिवस टॅक्सीत आणि रांगेत गेला. त्यात त्या दिवशी एकादशी होती आणि यादी करताना आईचा उपास माझ्या डोक्यातही आला नव्हता. संध्याकाळी थकून स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात शिरलो. पंजाबी, चायनीज, पावभाजी, सगळं एकाच कार्डावर. ताटात आलेली पनीरची भाजी आपल्या पुणे रोडवरच्या कुठल्याही ढाब्यावर मिळते तशीच होती. आईने दोन केळी खाल्ली. अडीचशे किलोमीटर प्रवास करून मी तिला केळी खायला घातली, हे मला आजही लागतं.

त्या रात्री मला प्रश्न पडला की या शहरात अशी कोणती गोष्ट आहे, जी इथेच खाता येईल आणि नगरला नाही? हा प्रश्न घेऊन मी पुढची वीस वर्षं मुंबईत जेवत आलो आणि त्यातून मला एक गोष्ट दिसली. मुंबईतली जी खाण्याची ठिकाणं लोकांच्या कायमची लक्षात राहतात, ती जवळजवळ सगळी घरापासून दूर आलेल्या माणसासाठी उघडलेली आहेत. शहराने आपल्या परक्या माणसांना कसं जेवू घातलं, याचा इतिहास त्या टेबलांवर आहे. आणि दोन दिवसांसाठी गेलेले आपण त्याच रांगेतले सगळ्यात शेवटचे पाहुणे आहोत. म्हणून हॉटेल निवडताना मी एकच विचारतो: हे मुळात कुणाच्या भुकेसाठी उघडलं होतं?

इराण्यांचं बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि त्यानंतर यझ्द आणि केरमान भागातून ही माणसं मुंबईत आली. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुकान अशुभ म्हणून आपल्याकडचे व्यापारी टाळत, ते इराण्यांनी घेतलं, असं सांगतात. कोपरा म्हणजे दोन्ही रस्त्यांची माणसं. एकट्या माणसाने यावं, एका चहावर बसावं, कुणी जात विचारू नये, हे या शहरात ज्यांनी सहज करून दाखवलं त्यांत इराणी फार पुढे होते. मेट्रो सिनेमासमोर, धोबी तलावाला १९०४ पासूनचं कयानी आहे. सकाळी जा. ब्रुन मस्का मागवा. ब्रुन म्हणजे वरून कडक, आतून मऊ पाव. तो चहात बुडवूनच खायचा. मुलांना मावा केक द्या. बिल फार होत नाही, आणि खुर्च्या, टेबलं, उंच छत, सगळं बघायला मिळतं. म्युझियम बघायला तिकीट काढतोच ना आपण?

तिथून फार लांब नाही असं बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं. तिथला बेरी पुलाव घ्यावा. त्यातल्या आंबटगोड लाल बेरी इराणच्या. बोमन कोहिनूर हे तिथले वयोवृद्ध मालक टेबलाटेबलाशी जाऊन बोलत. २०१९ मध्ये ते गेले. ही जागा मुळात कचेऱ्यांतल्या माणसांच्या दुपारच्या जेवणाची. म्हणून तिथे दुपारीच जावं, रात्रीचा बेत तिथे आखू नये.

हा वेळेचा मुद्दा माणसं सगळ्यात जास्त चुकवतात. जी जागा ज्या माणसासाठी निघाली, त्याच्या घड्याळाप्रमाणे ती चालते. कचेरीवाल्यांचं हॉटेल दुपारी, उडप्याचं सकाळी, इराण्याचं पहाटेपासून. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी. निघण्याआधी एक फोन करावा, एवढं तरी नक्की करावं.

पहाटे दादरला उतरलात तर माटुंग्याला जा, टॅक्सीने अगदी जवळ आहे. किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास आहे, १९४० सालचं. इडली, रसम वडा, फिल्टर कॉफी. रांग असते, पण पटपट सरकते, कारण तिथे कुणी रेंगाळत नाही. आणि माटुंगा स्टेशनाला लागूनच ए. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. त्यातला ‘बोर्डिंग’ हा शब्द नीट ऐका. दक्षिणेतून नोकरीला आलेला, खोलीवर चूल नसलेला तरुण मुलगा इथे रोज जेवायचा.

आमच्या त्या सहलीत दुसऱ्या दिवशी, म्हणजे द्वादशीला, मी यादी फाडली आणि आईला तिथे घेऊन गेलो. एकादशी सोडायची ती केळीच्या पानावर. पान मांडलं गेलं, तिने सवयीने पाणी शिंपडून पुसून घेतलं. भाज्या आल्या, रसम आलं, भातावर तूप आलं. रसम पातळ, ते पानावरून पळतं. आमची मुलं गोंधळली. वाढप्याने थांबून हाताने दाखवलं, भाताला मधे खळगा करा, त्यात घ्या. आई म्हणाली, ‘अरे, हे तर आपल्या आमटीसारखंच.’ तिला आणि वाढप्याला एकमेकांची भाषा येत नव्हती. तिने आणखी भात घेतला आणि तो बघत उभा राहिला. पुढे तिच्या तोंडून मी गेटवेचं नाव क्वचित ऐकलं. त्या पानाची गोष्ट मात्र घरी येणाऱ्या प्रत्येकाने ऐकली.

आता उपासाचं. एकादशीच्या दिवशी मी दादरमध्येच होतो आणि मला माहीत नव्हतं की गोखले रोडवर प्रकाश शाकाहारी उपहार केंद्र आहे. तिथला साबुदाणा वडा आणि वर पीयूष, आईचा सगळा दिवस सोन्याचा झाला असता. नगरच्या घरांत सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरणारं कुणीतरी असतंच, जैन कुटुंबं तर कितीतरी आहेत, आणि त्याच घरात मासे खायला आसुसलेला एक भाचाही असतो. सगळ्यांना एकाच टेबलावर कोंबायचा हट्ट धरला की मग ते दोनशे पदार्थांचं कार्ड आलंच. त्यापेक्षा एक जेवण आजीचं ठरवावं, एक भाच्याचं. भाच्याला फोर्टात महेश लंच होममध्ये न्यावं, आजीला काळबादेवीत श्री ठाकर भोजनालयात. ठाकर १९४५ पासूनचं, गुजराती थाळीचं. काळबादेवीच्या बाजारपेठेत गाव सोडून आलेल्या माणसांना घरचं जेवण मिळावं म्हणून अशी भोजनालयं निघाली. फुलका संपायच्या आत दुसरा येतो. तिथे जायचं तर सकाळी काही खाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

दोन दिवसांत फार तर सहा भुका. त्यातली एक पहाटेची, एक परतीच्या गाडीआधीची. राहिल्या चार. चारांपैकी तीन ठरवा, एक मोकळी ठेवा. मुंबई दक्षिण-उत्तर लांब आहे, म्हणून जिथे फिरायचं तिथेच जेवायचं; कुलाब्यात फिरून जेवायला पार्ल्याला जाऊ नये. मोकळ्या भुकेला पाय नेतील तिथे जा. गिरगावात फिरताना असंच माझ्या वाट्याला विनय हेल्थ होमची मिसळ आली.

पुरस्कारांचं काय, असं कुणी विचारेल. २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात शिवसेना भवनाजवळच्या आस्वादची मिसळ जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. मिसळ चांगली आहे, जरूर खा. पण मोबाइलवरच्या चांदण्या मोजून जेवायला जाणाऱ्याला मी एवढंच सांगेन की चांदण्या देणाऱ्याला तुमच्या आईचा उपास माहीत नसतो.

पुण्याचं आपल्याला कौतुक कमी, कारण तिथे आपण दवाखाना, अ‍ॅडमिशन आणि लग्नाचा बस्ता यांसाठी जातो. तरीही लक्ष्मी रोडवर बस्ता बांधून झाला की तिथल्याच पूना गेस्ट हाउसमध्ये जेवा. चित्रपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांनी ते १९३५ मध्ये सुरू केलं आणि नाटक-सिनेमातली माणसं तिथे राहिली, जेवली. टिळक रोडवरचं बादशाही विद्यार्थ्यांचं, नाव लिहून थांबायचं. पुन्हा तेच: घर सोडून आलेली माणसं.

पुन्हा मुंबईकडे वळू. तिथे एक महागडी जागा धरावी का? धरावी. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असेल, मुलीला पहिली नोकरी लागली असेल, तर एकदा धरावी, आधी आरक्षण करून, दर विचारून. लोअर परळला कमला मिलच्या आवारात २०१५ मध्ये बॉम्बे कॅन्टीन सुरू झालं. त्यामागचे एक प्रमुख शेफ फ्लॉइड कार्डोझ २०२० मध्ये करोनाने गेले. त्या त्या ऋतूतल्या आपल्याच भाज्या आणि धान्यं तिथे नव्या रूपात ताटात येतात. महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात २०१६ पासून मास्क आहे. तिथे कार्डावरून निवडायचं नसतं, ते एकामागून एक वाढतात. आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत त्याचं नाव आलेलं आहे. ज्या काळ्या कसदार जमिनीत आपण मालदांडी पिकवतो, तिच्या ज्वारीला अशा ताटात मान मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

पण कमला मिल, लक्ष्मी मिल ही नावं ऐकली की माझा घास क्षणभर थांबतो. माझे वडील १९६०च्या दशकात दोन वर्षं लालबागला राहिले. गिरणीत बदलीवर काम. एका खोलीत वीस-बावीस जण, पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खानावळ. गिरणगावातल्या बायकांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत या पुरुषांसाठी भाकऱ्या थापल्या, तेव्हा कुठे त्या गिरण्या चालल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि जेवणारी माणसंच उरली नाहीत. मुंबईत खाण्याचा इतिहास बघायचा तर इराणी आणि उडपी यांच्याबरोबर ही खानावळही त्यात मांडली पाहिजे. तिच्यावर ना पाटी होती, ना स्थापनेचं साल. म्हणून ती कुठल्याही यादीत येत नाही, आणि ज्या घरांतून माणसं तिथे जेवायला गेली त्या आपल्या नगर, सातारा, कोकणातल्या घरांनी तरी ती लक्षात ठेवायला हवी.

सहलीला निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पहिल्यांदा मुंबईत तुम्ही कुठे जेवलात? मी त्या द्वादशीच्या संध्याकाळी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, चल, दाखवतो. लालबागला उतरलो. त्यांनी बरोबर गल्ली काढली, पण चाळ नव्हती. पत्रे ठोकून आत टॉवरचं काम चाललं होतं. ते पत्र्याला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मग कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही सगळ्यांनी उभ्याउभ्या वडापाव खाल्ला आणि ते मुलांना सांगू लागले.

मावशी म्हणायचे सगळे तिला. नाव कधी विचारलं नाही. पितळी ताट, दोन भाकऱ्या, कालवण, रविवारी मटण. हिशेब भिंतीवर कोळशाने. महिन्याचे पैसे आधी द्यायचे, पण कुणाकडे नसले तर ती ताट मागे घेत नसे. ‘आणि गावी जत्रेला गेलो,’ ते म्हणाले, ‘तर त्या चार दिवसांचा खाडा ती आपणहून धरायची. आम्ही विसरलो तरी ती विसरायची नाही. परत आलो की म्हणायची, चार दिवस जेवला नाहीस माझ्याकडे.’