दवाखान्यातली काचपेटी आणि तिच्यातले मासे

शेळी, कोंबडी, पापड, मसाला यांच्यावर आपण या केंद्रावरून पुष्कळ बोललो. आज मासे. खायचे नव्हेत, बघायचे.

आमच्या तालुक्याच्या गावी लहान मुलांचा एक दवाखाना आहे. नंबर लागेपर्यंत जिथे बसावं लागतं, त्या बाहेरच्या खोलीत डॉक्टरबाईंना माशांची काचपेटी ठेवायची होती. शहरातल्या एका दुकानदाराने पेटी, चाळीस मासे आणि महिन्याची देखभाल असा भाव दिलेला होता. आमच्या गटातल्या दोघी घरी गप्पी आणि मॉली वाढवून विकतात. आम्ही बाईंना म्हटलं, हे काम गटाला द्या. त्यांनी दिलं. ते कसं केलं ते आज सांगतो, कारण असं काम तुमच्याही गावात निघू शकतं.

मासे बघून जिवाला बरं वाटतं, हे नुसतं बोलायचं नाही. अमेरिकेत १९८४ साली दात काढायला आलेल्या लोकांना आधी थोडा वेळ माशांच्या टाकीसमोर बसवून पाहिलं होतं, आणि ते खुर्चीत जास्त निवांत राहिले. आपल्या पोरांचं काय वेगळं? सुईच्या धास्तीने पदर सोडत नाहीत. समोर काही हलतं, पोहतं दिसलं की रडं थांबतं, निदान लांबतं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि आमची सगळी निवड त्या एका गोष्टीवर झाली. घरच्या पेटीत मासा मेला तर आपण जाळीने काढतो, विषय संपतो. दवाखान्यात तसं नाही. तिथे तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन आई बसलेली असते. तिच्यासमोर उलटा तरंगणारा मासा आला तर तिच्या मनात काय येईल, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून आम्ही ठरवलं की मासा दिसायला कसा आहे हे नंतर, आधी तो आपल्या पाण्यात टिकतो का ते बघायचं.

आपल्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी जड आहे. हंड्याला आणि गिझरला पांढरा थर धरतो ना, तेच. या पाण्यात कोणते मासे खुशीत राहतात? पिल्लं घालणारे: गप्पी, मॉली, प्लॅटी, तलवारशेपटी. गप्पी तर तुमच्या ओळखीचा. हिवतापाच्या कामाला आरोग्य खात्याची माणसं डबक्यात, हौदात डासांच्या अळ्या खायला सोडतात, तोच. दुकानातला त्याचाच रंगीत भाऊ. त्याउलट निऑन टेट्रा म्हणून निळी-लाल चमकणारी बारीक मासळी मिळते. फार सुंदर दिसते, पण ती ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातली. आपल्या जड पाण्यात तिचे हाल होतात. आम्ही घेतली नाही.

गोल्डफिशचा आग्रह सगळ्यांचाच असतो. तो वाढतो केवढा आणि घाण करतो किती, हे दुकानात कोणी सांगत नाही. त्याला थंड पाणी मानवतं, म्हणून वरच्या माशांबरोबर त्याचं जमत नाही. काचेच्या गोल भांड्यात ठेवायचा तर तो छळच. फायटर नर दोन असले की एकमेकांना फाडतात. आणि पोरं हमखास मागतात तो निमो, २००३ च्या सिनेमातला नारिंगी-पांढरा मासा, तो समुद्रातला आहे. त्याला खारं पाणी लागतं, खर्च आणि कटकट कितीतरी जास्त. आम्ही नारिंगी प्लॅटी घेतल्या. चार वर्षांच्या पोराला त्या निमोच वाटतात, आणि आम्हीही त्याला दुरुस्त करत नाही.

काच साफ करतो म्हणून 'सकर' नावाचा मासा गळ्यात मारतात. तो फुटाच्या वर वाढतो. मग लोक कंटाळून नदीत, तळ्यात सोडतात. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात हा सकर येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नाही. पेटीतला कोणताही मासा विहिरीत, ओढ्यात सोडायचा नाही, एवढं पक्कं धरा.

शेवटी आमच्या पेटीत सहा प्लॅटी, सहा गप्पी आणि तीन काळ्या मॉली आल्या. गप्पी सगळे नर, नाहीतर महिन्या-महिन्याला पिल्लं होऊन पेटी भरून जाते. नर ओळखायचा पोटाखालच्या मागच्या परावरून. नराचा तो पर काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा. प्लॅटी आणि मॉलीची पिल्लं होतात. ती आमच्या दोघी घरी नेऊन वाढवतात. काळ्या मॉलीवरून एक आज्जी म्हणाल्या, बरं झालं बाई, पेटीला तीट लावली.

पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सव्वाशे लिटर पाणी, म्हणजे सव्वाशे किलो, वर काच आणि खडी वेगळी. म्हणून स्टँड लोखंडी, आणि भिंतीला पक्का आवळलेला. पोरं धरून लोंबकळणारच. स्टँडची उंची आम्ही दोन फूटच ठेवली. दुकानदार चार फूट म्हणत होता, मोठ्या माणसाच्या नजरेला छान दिसतं म्हणे. पण मासे बघायचेत कोणाला? दोन फुटांवर तीन वर्षांचं मूल स्वतःच्या पायावर उभं राहून बघतं.

खिडकीचं ऊन पेटीवर नको, शेवाळ धरतं. झाकणाला कुलूप हवंच, नाहीतर संध्याकाळपर्यंत बिस्किटं, कुरमुरे, एखादं नाणं आत. खाली धुतलेली काळसर खडी घाला. संगमरवरी चुरा नको, पाणी आणखी जड होतं. बुडबुडे सोडणारी कवटी मिळते शोभेला. आजारी मुलांच्या खोलीत कवटी? आम्ही ती परत केली.

विजेचं नीट ऐका. प्लग पेटीपेक्षा वर आणि मुलांच्या हाताबाहेर हवा. वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ देऊन न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळात टपकतं, सॉकेटात जात नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडून ठेवला आहे.

आता पाणी. ग्रामपंचायत टीसीएल टाकते ते आपल्यासाठी चांगलं, माशांसाठी विष. नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घालायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, विरजण. मासे जी घाण करतात तिचा अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढावे लागतात. नव्या पेटीत ते नसतात, त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. लोक सकाळी पेटी आणतात, दुपारी मासे सोडतात, आणि दहा दिवसांत मासे मरतात ते याच कारणाने. आम्ही घरच्या जुन्या पेटीतला स्पंज नव्या फिल्टरला जोडला, रोज चिमूटभर खाद्य टाकलं आणि थेंबांच्या किटने पाणी तपासत राहिलो.

इथे बाईंशी आमचं वाजलं. त्यांना १४ नोव्हेंबरला, बालदिनी, उद्घाटन हवं होतं. पाहुणे ठरले होते. किटमध्ये अजून अमोनिया दाखवत होता. आम्ही म्हटलं, मासे आज सोडणार नाही. काम हातचं जाईल अशी धास्ती गटात होती, अगदी खरी. पण मेलेल्या माशांची पेटी आमच्या नावावर नको होती. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बालदिनाला फुगे होते, आणि पेटीत पाणी आणि जावा फर्नची झाडं. पोरं तीही बघत बसली. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर चार प्लॅटी सोडल्या, बाकीचे दोन-दोन आठवड्यांनी. पुढच्या महिन्यात बाईंनी स्वतःहून विचारलं, अजून एकही मेला नाही, हे कसं?

आता दर सोमवारी आमच्यातली एक जण जाते. चौथा हिस्सा पाणी बदलायचं, स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही, जिवाणू मरतात. हाताला जखम असली तर त्या दिवशी दुसरी जाते, आणि काम झालं की साबणाने हात. थंडीत हीटर पंचवीस अंशावर. खाद्य रोज अकरा वाजता, दोन मिनिटांत संपेल एवढंच. ते दवाखान्यातली ताई टाकते, आणि अकराला पोरं पेटीसमोर रांग करतात. काचेवर टकटक करू नका अशी पाटी लावून उपयोग नाही, वाचता कुठे येतं त्यांना? ताई त्यांना सांगते, मासे झोपलेत. ते ऐकतात.

पैशाचं सांगते. महिन्याला बाराशे रुपये ठरलेत, मासा बदलावा लागला तर तो गटाचा, काच फुटली तर दवाखान्याची. हे लिहून घेतलं आहे, तोंडी नाही. तुम्हाला रंगीत माशांचं काम मोठं करायचं असेल तर २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत रंगीत मासे वाढवायला अनुदान होतं, महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत. सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. जाताना गटाचा ठराव आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा. आणि आधी घरच्या हौदात गप्पी वाढवून बघा, सहा महिने.