हक्क कंपनीचे लिहिले, कर्तव्य कोण लिहिणार?



शेत बटाईने देताना आपण काय ठरवतो? बियाणे कोणाचे, खत कोणाचे, वाटा किती. आणि हेही बजावतो की बांधावरचे झाड तोडायचे नाही, शेजाऱ्याची वहिवाट अडवायची नाही. हक्क दोघांना, बंधन दोघांना.

परदेशी गुंतवणुकीसाठी दोन देश जो करार करतात, त्यात मात्र बहुतेक वेळा एकच बाजू लिहिलेली असते. सरकारच्या निर्णयाने कंपनी बुडाली, तर ती सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभे करते. कंपनीमुळे गाव बुडाले, तर गावाला त्या लवादाचे दारही उघडे नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशाचे पाहा. १९९९ साली कोचाबांबा शहराच्या पाण्याचा ठेका एका कंपनीला दिला गेला. तिच्यामागे अमेरिकेची बेक्टेल होती. आपल्या दाभोळ वीज प्रकल्पातली भागीदार, तीच. त्याच वर्षी असा कायदा झाला, की लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरी आणि काढलेले पाट हातचे जातील अशी भीती पसरली. जानेवारी २००० मध्ये पाणीपट्टी वाढली, कित्येकांची दुपटीहून जास्त. शहरातले गरीब आणि पाटपाण्यावरचे शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले. गोळी लागून सतरा वर्षांचा एक मुलगा गेला. एप्रिलमध्ये ठेका रद्द झाला.

पुढे काय? कंपनीने नेदरलँड्सच्या कराराचा आधार घेऊन जागतिक बँकेच्या लवाद केंद्रात बोलिव्हियावर दावा लावला. कोचाबांबाचे लोक म्हणाले, पाणी आमचे, मेला तो मुलगा आमचा, आम्हालाही ऐका. २००३ साली लवादाने कळवले की दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय तसा अधिकार आम्हाला नाही. जगभरातून ओरड झाली, तेव्हा २००६ च्या जानेवारीत कंपनीने दावा सोडला. दोन बोलिव्हियानो, म्हणजे चिल्लर घेऊन, शेअर देऊन टाकले. लोक जिंकले ते लोकलाजेने, कराराने नाही.

दुसरे उदाहरण अर्जेंटिनाचे. ब्युनोस आयर्स प्रांतातल्या पाणीपुरवठ्याच्या ठेक्यावरून स्पेनच्या उर्बासेर कंपनीने दावा केला. सरकारने उलट दावा लावला : कबूल केलेली गुंतवणूक तुम्ही केली नाही, त्यामुळे लोकांचा पाण्याचा हक्क डावलला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये निकाल लागला. लवादाने हा उलट दावा ऐकून घेतला, हीच मोठी गोष्ट. दुसऱ्याचे मानवी हक्क तुडवायचे नाहीत, हे बंधन कंपनीवरही आहे असे त्याने मानले. पण लोकांना पाणी पुरवण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्याने कंपनीवर येत नाही, ते सरकारचे, असे म्हणून उलट दावा फेटाळला. कंपनीलाही भरपाई मिळाली नाही.

यातून शिकायचे एवढेच : जे करारात लिहिलेले नाही, ते लवादात मागून मिळत नाही.

आता आपल्या घरचे बघू. भारताने २०१६ साली असा करार करण्याचा नवा नमुना काढला. गुंतवणूकदाराने इथले कायदे पाळावेत, हे त्यात आले. मानवी हक्क, कामगार, पर्यावरण हे शब्दही आले. पण ते सांभाळण्याचा कंपनीने 'स्वेच्छेने' प्रयत्न करावा, असे. स्वेच्छेने पाळायचे बंधन म्हणजे दावे नसलेला बैल. वाटेल त्याच्या शेतात शिरेल. २०२५ च्या अर्थसंकल्पात हा नमुना गुंतवणूकदारांना अधिक सोयीचा करण्याची घोषणा झाली.

भांडवल येऊ द्या, दिलेला शब्द सरकारनेही पाळावा. पण करारात तीन गोष्टी असाव्यात. मानवी हक्क पाळणे कंपनीवर सक्तीचे. ते मोडले तर भरपाईचा दावा कमी किंवा रद्द. आणि ज्यांचे पाणी, ज्यांची जमीन, त्यांना लवादापुढे बोलण्याचा हक्क.

आपापल्या खासदाराला हे तीन मुद्दे लेखी द्या आणि पोच घ्या. करारावर सह्या झाल्यावर ओरडून उपयोग नाही. पेरणी आधीच करावी लागते.