तेच शब्द, संथ लयीत



1979 साली न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या एन्जॉय नावाच्या छोट्या कंपनीने 'सुपररॅपिन' ही तबकडी काढली. बारा मिनिटांचा नाचाचा धुमाकूळ. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह या गटातली पोरं एकमेकांच्या तोंडचा शब्द झेलत सुसाट सुटलेली. त्या धांदलीत मेली मेल एक लांब कडवं म्हणून जातो. गरिबीत एक मूल जन्मतं, गल्लीतले गुंड त्याला थोर वाटू लागतात, शाळा सुटते, हात चोरीकडे वळतो आणि शेवटी तुरुंगाच्या कोठडीत त्याचा जीव जातो. नाचायच्या गाण्यात हे कडवं वाहून गेलं.

1982 च्या जुलैमध्ये 'द मेसेज' हे गाणं आलं. त्याच्या शेवटी मेली मेलने तेच कडवं पुन्हा म्हटलं, आणि या वेळी ते ऐकू आलं. शब्द जवळपास तेच होते. ते ऐकू येण्यासाठी काय बदलावं लागलं, ते आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

ही पोरं न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्स भागातली. शहराची बांधणी ठरवणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेतला क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे हा महामार्ग नांदत्या वस्त्यांमधून आरपार नेला गेला आणि हजारो कुटुंबं उठली. पुढे घरभाड्यातून काही सुटेना, तेव्हा विम्याच्या पैशासाठी काही घरमालकांनी आपल्याच इमारती जाळल्या. त्याच काळात पालिकेने अग्निशमन केंद्रं बंद केली. 1970 ते 1980 या दहा वर्षांत ब्रॉन्क्सच्या जनगणनेतल्या सात विभागांमधल्या 97 टक्क्यांहून जास्त इमारती आगीत गेल्या किंवा ओस पडल्या. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवर जाऊन ते ढिगारे पाहून आले. अशा ठिकाणी रॅप जन्मला तो आनंदासाठी, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. जळक्या भिंतींच्या मधोमध दोन तबकड्या फिरवून माणसांना नाचवणं ही साधी गोष्ट नव्हे.

म्हणूनच 'द मेसेज'ला गटाने आधी नकार दिला, हे मी समजू शकतो. दिवसभर जे भोगतो तेच रात्री नाचायला आलेल्यांना ऐकवायचं? गाण्याचा मूळ लेखकही गटातला नव्हता. एड फ्लेचर, म्हणजेच ड्यूक बूटी, हे गाणं काढणाऱ्या शुगर हिल रेकॉर्ड्स या कंपनीत तालवाद्यं वाजवायचा. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी, आईच्या घराच्या तळघरात त्याने ते लिहायला घेतलं. 1980 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आणि बस अकरा दिवस संपाने ठप्प होती. त्या संपाचा उल्लेख गाण्यात राहिला आहे. कंपनीच्या मालकीण सिल्व्हिया रॉबिन्सन स्वतः गायिका. 1957 मध्ये त्यांचं युगुलगीत गाजलेलं. या गाण्यात काय आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्या हटून बसल्या. अखेर तयार झाला एकटा मेली मेल.

आता ताल ऐका. त्या काळच्या नाचाच्या गाण्यांच्या मानाने तो चांगलाच संथ आहे. दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा राहते, सिंथेसायझरचे सूर त्या जागेत टोचत राहतात, आणि प्रत्येक वाक्य कानात उतरायला वेळ मिळतो. 1979 मध्ये मेली मेलला जागाच नव्हती. पुढचा गडी आपल्या पाळीसाठी टपलेला असायचा. इथे त्या मुलाच्या मरणापर्यंत पोचेस्तोवर त्याला कुणी अडवत नाही.

गाण्याच्या चित्रफितीनेही शब्दांना अशीच मोकळी जागा दिली. गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी सुरू होऊन तेव्हा वर्षच झालं होतं आणि कृष्णवर्णीय कलावंत तिथे अभावानेच दिसत. या चित्रफितीत ना झगमगाट, ना सजवलेला मंच. गट रस्त्यावर उभा राहून गातो आणि मागे न्यूयॉर्क जसं आहे तसं चालू असतं: रहदारी, गर्दी, कचरा. शेवटी मित्र नाक्यावर गप्पा मारत असतात, पोलिसांची गाडी येते, गटाचं नाव ऐकून ही एखादी टोळीच असणार असं पोलीस धरून चालतात आणि सगळ्यांना उचलून नेतात. जे मेली मेलने आताच कडव्यात सांगितलं, ते सांगणाऱ्यांवरच येऊन आदळतं. हा प्रसंग जोडण्याइतका नेमका निर्णय त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या चित्रफितीत मला सापडलेला नाही.

पण हिशेब पुरता मांडायला हवा. ज्या फ्लॅशने तबकडीवर खुणा करून ताल नेमका पकडण्याची विद्या घडवली, त्याचे हात या ध्वनिमुद्रणात नाहीत. नाव मात्र पहिलं त्याचं. फ्लेचरच्या आवाजातल्या ओळींना पडद्यावर गटातल्या राहीमचे ओठ हलतात. वर्षभरात मानधनावरून आणि नावावरून गट फुटला, प्रकरण कोर्टात गेलं. 2002 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपायच्या ध्वनिमुद्रणांची पहिली पन्नासांची यादी केली, त्यात हिप हॉपचं हे एकच गाणं होतं. 2007 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जाणारा पहिला हिप हॉप गटही हाच. त्या मानात फ्लेचर नव्हता. ही चूक आहे, आणि गाणं थोर आहे म्हणून ती लहान होत नाही.

आपल्या वस्तीचं दुखणं तालावर, नावानिशी सांगायची वाट रॅपला इथून रुंद झाली. ती मुंबईपर्यंत आली आहे. 2019 मध्ये 'स्वदेसी' या गटाने मुंबईच्या आरेतले आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्या नावामागे 1945 चा तलासरीकडचा वारली आदिवासींचा उठाव आहे, त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवलेला.

आता चित्रफीत लावतो आहोत. राहीम दिसेल तेव्हा आवाज फ्लेचरचा आहे, एवढं ध्यानात ठेवा. तो 2021 मध्ये गेला; गाणं-बजावणं सुटल्यावर त्याने पुढची बरीच वर्षं शिकवण्यात घालवली.