बरॅसींचे पुनरागमन

ऑस्ट्रेलियात अंडाकृती मैदानावर, एकेका बाजूला १८ गडी घेऊन खेळायचा एक फुटबॉल आहे. रॉन बरॅसी हे त्यातले मोठे नाव. खेळाडू म्हणून सहा अजिंक्यपदे, मार्गदर्शक म्हणून चार! १९८५ नंतर ते मार्गदर्शनातून बाजूला झाले. १९९३ साली सतत हरणाऱ्या सिडनीच्या संघाने त्यांना बोलावले. वय ५७. कमावलेले नाव पणाला का लावावे? तुम्ही-आम्ही हाच हिशेब केला असता. ते गेले. त्या वर्षी सिडनीने सामना जिंकला एकच, आणि तोही कोणाविरुद्ध? ज्या मेलबर्नकडून बरॅसी घडले, त्याच संघाविरुद्ध! पुढे चार, मग आठ. १९९५ अखेर ते निघाले. १९९६ साली सिडनी अंतिम सामन्यात उतरली, तेव्हा सूत्रे दुसऱ्याच्या हाती होती.