खात्रीचे महाविद्यालय



ट्रॉयमधील आपली मुले अभ्यासात पुढे आहेत. म्हणूनच आम्ही पालक हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन एवढी नावे लिहून मोकळे होतो. हार्वर्डने 2024 मध्ये शंभर अर्जांमागे चार जागाही दिल्या नाहीत. अ‍ॅन आर्बरचे मिशिगन विद्यापीठदेखील आता पाचव्या हिश्शाहून कमी अर्ज स्वीकारते. त्यास ‘घरचे’ समजू नये.

खरी अडचण खात्रीच्या महाविद्यालयाची. वेन स्टेट, ओकलंड ही नावे निघताच कपाळाला आठ्या पडतात, आम्हां डॉक्टरांच्या घरी तर अधिकच! परंतु जेथे प्रवेश बहुधा निश्चित, खर्च झेपणारा आणि मूल आनंदाने जाईल, तेच खात्रीचे. प्रवेश मिळाला नि पैसा पुरला नाही, तर ती खात्री कसली? शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये बाबासाहेबांनाही लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. ते पुन्हा सुरू व्हायला 1920 साल उजाडले.

महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर कुटुंबाच्या उत्पन्नानुसार खर्चाचा अंदाज मिळतो. मुलाला शेजारी बसवून तो आकडा ऑगस्टमध्येच पाहावा. बंधनकारक पूर्वप्रवेशाच्या अर्जावर त्याआधी सही करू नये.