मीटर आपण वाचायचा

आमच्या गटाने कर्ज काढून जेसीबी घेतला, तेव्हा सगळे विचारायचे, बायका हा चालवणार कसा? चालवायला ऑपरेटर आहे. अवघड आहे तो तासांचा हिशेब.

मशीनवर तासांचा मीटर असतो. काम सुरू होताना आमच्यातली एक जण आकडा वहीत लिहिते, थांबल्यावर पुन्हा लिहिते आणि शेतमालकाची सही घेते. तासाला पाच-सहा लिटर डिझेल लागतं. मशीन चालू ठेवून चहाला बसलं तरी मीटर पळतोच.

वेडी बाभूळ काढायचं काम एकरावर ठरवू नका, तासावरच घ्या. वरून तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट उपटावी लागते. जमिनीखाली मूळ किती गेलंय, ते आधी कुणाला दिसतं? आणि बकेटने वरची काळी माती ओढून बांधावर नेऊ देऊ नका, पीक तिच्यावरच येतं.

उधारी मात्र जड जाते. मागणारे नात्यातलेच. "ताई, कांदा विकला की देतो." बँकेचा हप्ता कांद्यासाठी थांबत नाही. म्हणून निम्मे पैसे आधी घेतो, सख्ख्या दिराकडूनही. काही जण रुसले, त्यांनी दुसरं मशीन लावलं. त्यातले दोघे यंदा परत आलेत, पैसे घेऊनच.